अस्सल आणि नक्कल

धाराशिव जिल्ह्याच्या परांडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाचे. चैत्रातील यात्रेत तेथला रथ ज्यांनी पाहिला असेल त्यांना गावाची ओळख करून देण्याचे कारण नाही. आणि ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्याही कानावर देवळाच्या आवारातील माकडांची कीर्ती गेलेली असते, कारण भाविक देवाकडे पाहून हात जोडतो तेवढ्या अवकाशात त्याच्या पिशवीतील खोबऱ्याची वाटी कोठे गेली याचा पत्ता खुद्द भाविकालाही लागत नाही. मी गेलो तो हंगाम यात्रेचा नव्हता. पौषातले दिवस होते, शाळू पोटऱ्यांतून बाहेर पडला होता, आणि माझा मुक्काम होता तो नात्याने लांबच्या पण स्नेहाने जवळच्या अशा एका वृद्ध गृहस्थांकडे, ज्यांनी आपली उभी हयात तलाठ्याच्या दप्तरात घालवली आणि ज्यांचे वडील निजामाच्या अमलात याच मुलखात पटवारी होते. गाव त्यांना अण्णा म्हणते, म्हणून मीही म्हणतो.

अण्णांची नात जैवतंत्रज्ञान या विषयात एम. एस्सी. करीत आहे. सुटीवर आलेल्या या मुलीपाशी शेजारच्या चार-पाच पोरांनी ‘ताई, ते कांद्याचं दाखव ना’ असा घोशा लावल्यावरून तिने त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावरच प्रयोगशाळा मांडली. कांदा बारीक चिरून ठेचला, त्यावर मीठ आणि भांडी घासायच्या साबणाचे पाणी घातले, भांडे काही मिनिटे कढत पाण्यात धरले, मग फडक्यातून गाळून तो रस एका उभ्या पेल्यात घेतला, आणि दवाखान्यातून मागून आणलेले, फ्रीजमध्ये गार करून ठेवलेले स्पिरिट पेल्याच्या कडेने थेंबाथेंबाने असे सोडले की ते रसात न मिसळता वर तरंगत राहावे. दोहोंच्या सीमेवर थोड्याच वेळात पांढरे, कापसाच्या पेळूसारखे धागे उमटू लागले. तिने ते काडीवर गुंडाळून मुलांना दाखवले आणि प्रामाणिकपणे हेही सांगितले की यात निव्वळ डीएनए नाही, कांद्याच्या पेशीतला इतरही गाळ आहे. पण डीएनए आहे, आणि तो डोळ्यांनी दिसतो आहे.

अण्णांनी चष्मा पुसला, पेला उजेडात धरला आणि कचेरीतल्या माणसालाच सुचेल असा प्रश्न विचारला : “आगं, हे अस्सल म्हनायचं का नक्कल?”

“अस्सल, आबा,” ती म्हणाली. “नकला पेशी रोज काढते. त्या वेगळ्या.”

ज्या विषयावर लिहावे म्हणून मी गेली काही वर्षे कागद जमवीत होतो, तो विषय, म्हणजे रेणवीय जीवविज्ञान शिकवणारी आणि त्यात संशोधन करणारी विद्यापीठीय संस्था कशासाठी असते हा, इतक्या मोजक्या शब्दांत माझ्यापुढे कधी आला नव्हता. ज्यांना जमाबंदीच्या कचेरीचा अनुभव आहे त्यांना अस्सल आणि नक्कल यांतले अंतर सांगावे लागत नाही. अस्सल कागद दप्तरखान्यात राहतो. तो बाहेर जाऊ द्यायचा नाही असा दंडक असतो. पक्षकाराला हवी असेल तर अर्ज करावा, फी भरावी, आणि नकलनवीस जी नक्कल उतरून देईल ती घेऊन चालते व्हावे. पेशीचा कारभार याच रिवाजाने चालतो, ही गोष्ट गेल्या शतकाच्या मध्याला उलगडली. पेशीकेंद्र हा दप्तरखाना; डीएनए हे तेथले अस्सल दप्तर, चारच अक्षरांच्या लिपीत लिहिलेले. पेशीला एखादे प्रथिन घडवायचे झाले म्हणजे त्या प्रथिनापुरत्या मजकुराची नक्कल आरएनए नावाच्या किंचित निराळ्या कागदावर उतरली जाते, ती केंद्राबाहेर पडते, आणि बाहेरचा कारागीर, ज्याला रायबोसोम म्हणतात, ती तीन-तीन अक्षरांनी वाचीत अॅमिनो आम्लांचे मणी एकामागे एक ओवीत जातो. काम झाले की नक्कल फाडून टाकतात. ती काही मिनिटे टिकते, फार तर काही तास किंवा दिवस. अस्सल मात्र पिढ्यान् पिढ्या राहते, आणि पेशी दुभंगते त्या वेळी त्याची संपूर्ण दुसरी प्रत तयार होऊन दोन्ही वारसांना एकेक मिळते.

चार अक्षरांतून तीन-तीन अक्षरांचे शब्द करायचे तर ते चौसष्टच होतात. त्यांपैकी एकसष्ट शब्दांना वीस अॅमिनो आम्लांचे अर्थ आहेत आणि उरलेले तीन म्हणजे ‘येथे थांबा’ असा शेरा. कोश एवढाच, दप्तराची लांबी मात्र जातीगणिक बदलते. माणसाच्या दप्तराच्या एका संचात सुमारे तीनशे वीस कोटी अक्षरे आहेत आणि ज्या कांद्याचा त्या संध्याकाळी बळी गेला त्याच्या दप्तरात सुमारे सोळाशे कोटी, म्हणजे माणसाच्या पाचपट. हे मी अण्णांना सांगितले तेव्हा त्यांना तिळमात्र आश्चर्य वाटले नाही. “दप्तर मोठं म्हंजे कारभार मोठा, असं कुटं असतंय?” असे म्हणून त्यांनी पेला खाली ठेवला. कांद्याच्या दप्तरातला फार मोठा भाग पुनःपुन्हा उतरलेल्या त्याच त्या मजकुराने भरलेला आहे असे शास्त्रज्ञ म्हणतात, तेही याहून फारसे वेगळे नाही.

या चौसष्ट शब्दांचा कोश ज्यांनी लावला त्यांत एक नाव पटवाऱ्याच्या मुलाचे आहे, हे सांगितल्यावर मात्र अण्णा सरसावून बसले. हरगोविंद खुराना यांचा जन्म पंजाबातील मुलतानजवळच्या रायपूर या खेड्यात झाला; नोंदीप्रमाणे साल १९२२. शंभरएक माणसांच्या त्या वस्तीत त्यांचे घर तेवढे साक्षर होते, वडील गावाचे पटवारी होते, आणि मुलाची पहिली शाळा झाडाखाली भरत असे. लाहोरच्या पंजाब विद्यापीठातून १९४५ मध्ये एम. एस्सी. होऊन ते लिव्हरपूलला गेले, १९४८ मध्ये डॉक्टर झाले, झुरिकला थोडे दिवस काढून १९४९ मध्ये नव्या स्वतंत्र भारतात परतले. आणि येथे त्यांना नोकरी मिळाली नाही. ते पुन्हा केंब्रिजला गेले, तेथून कॅनडात, तेथून १९६० मध्ये अमेरिकेत. १९६१ मध्ये नीरेनबर्ग आणि मथाई यांनी कोशातला पहिला शब्द वाचून दाखवला. खुरानांनी ठरावीक क्रमाची आरएनए रसायनशाळेत घडवून उरलेल्या शब्दांचे अर्थ पक्के करण्याच्या कामात निर्णायक भाग घेतला, आणि १९६८ चे नोबेल पारितोषिक नीरेनबर्ग व हॉली यांच्यासह त्यांना मिळाले. ज्या मुलाने बापाला खसऱ्यावर लेखणी चालवताना पाहिले त्याने सृष्टीचा खसरा वाचावा, यात योगायोगापेक्षा अधिक काही आहे असे मी म्हणणार नाही. पण त्याला हा कागद आपल्या देशात बसून वाचता येऊ नये, यात योगायोग मुळीच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर आपल्या राज्यकर्त्यांनी विज्ञानाला पैसा दिला नाही असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. पैसा दिला, पण तो विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर दिला. राष्ट्रीय प्रयोगशाळांची मालिका उभी राहिली. पुण्यात पाषाणच्या माळावर १९५० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा झाली. मुंबईत कुलाब्याच्या टोकाला होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था झाली. याच संस्थेत १९६२ मध्ये ओबेद सिद्दीकी यांनी रेणवीय जीवविज्ञानाचा विभाग सुरू केला. उत्तर प्रदेशातील बस्तीचे हे गृहस्थ अलीगढहून ग्लासगोला गेले, पुढे अमेरिकेत ॲलन गारेन यांच्याबरोबर ‘येथे थांबा’ या शेऱ्याचा सुगावा लागला त्या संशोधनात त्यांचा हात होता, आणि भौतिकशास्त्रज्ञांच्या त्या संस्थेत जंतू आणि पुढे फळमाश्या घेऊन बसलेला हा माणूस भाभांनी विनातक्रार सामावून घेतला. केळ्यावर घोंघावणाऱ्या त्या क्षुद्र माशीला वास कसा कळतो, या प्रश्नावर सिद्दीकी आणि त्यांच्या विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी मुंबईत जे काम केले त्याची दखल जगाने घेतली; १९९० नंतर या परंपरेची बंगळूरमध्ये स्वतंत्र संस्थाच झाली. हे सर्व उत्तम झाले. मात्र या उत्तम कामापासून मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी.च्या वर्गात बसलेला सामान्य विद्यार्थी किती कोस दूर होता, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही. अस्सल दप्तर कुलाब्यात राहिले आणि विद्यापीठांच्या वाट्याला नकला आल्या.

मी हे ऐकीव सांगत नाही. जिल्ह्याच्या गावच्या ज्या महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकलो तेथे सूक्ष्मदर्शक होते, पण ते कपाटात होते, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्यापाशी होती ते गृहस्थ बहुधा रजेवर असत. प्रात्यक्षिकाचे जर्नल आम्ही आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या जर्नलावरून उतरवीत असू. त्याने ते त्याच्या आदल्या वर्षीच्याकडून उतरवलेले असे. आणि कांद्याच्या मुळाच्या पेशीविभाजनाची जी आकृती मी मोठ्या निगुतीने काढली तिच्यात एक गुणसूत्र जास्त होते, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळले. कोणा तरी पूर्वसूरीच्या हातून घडलेली ती चूक आम्ही वंशपरंपरेने जपली होती. आनुवंशिकतेचा याहून नेमका धडा त्या महाविद्यालयाने मला दिला नाही.

पण याला अपवाद होते, आणि त्यांतला सर्वांत तेजस्वी अपवाद मराठी होता. दुर्गाबाई भागवत यांना आपण सारे ओळखतो. त्यांच्या भगिनी कमलाबाई सोहोनी यांना त्या मानाने कमी ओळखतो, हा आपल्या साहित्यप्रेमाचा गौरव समजावा की विज्ञानाविषयीच्या अनास्थेची फिर्याद, हे मला ठरवता येत नाही. वडील आणि चुलते दोघेही बंगळूरच्या विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी.त रसायनात पहिली आलेली ही मुलगी त्याच संस्थेत प्रवेश मागायला गेली तेव्हा संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ती स्त्री आहे एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारला. तिने तेथेच ठाण मांडले. अखेर वर्षभराच्या उमेदवारीच्या अटीवर, आणि इतर काही अपमानास्पद अटींवर, तिला घेण्यात आले. तिने त्या वर्षात दुधातील आणि डाळींतील प्रथिनांवर असे काम करून दाखवले की पुढे त्या संस्थेचे दार स्त्रियांना उघडले. केंब्रिजमध्ये, जेथे फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांची जीवरसायनाची शाळा तेव्हा भरात होती, कमलाबाईंनी बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम सी हे श्वसनाला लागणारे द्रव्य दाखवून दिले आणि अवघ्या चाळीसएक पानांचा प्रबंध लिहून १९३९ मध्ये डॉक्टरेट घेतली. विज्ञानातील डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक होत.

कमलाबाईंची ही हकीकत हल्ली पुष्कळ ठिकाणी छापून येते, आणि ती बहुधा येथेच संपते. माझ्या मते ती येथे सुरू होते. परत आल्यावर, दिल्ली आणि कुन्नूर करून, लग्नानंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत, त्या वेळच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, जीवरसायन शिकवू लागल्या. ही राष्ट्रीय प्रयोगशाळा नव्हे. मुंबई विद्यापीठाशी जोडलेले, १९२० साली उघडलेले शिकण्या-शिकवण्याचे ठिकाण. तेथे बाईंनी एम. एस्सी.च्या आणि पीएच. डी.च्या मुलांना हाताशी धरून नीरा, डाळी, तांदळाचे पीठ अशा गोष्टींचे पृथक्करण केले, ज्या गरिबाच्या ताटात असतात किंवा असायला हव्यात. डाळींमध्ये पचनात अडथळा आणणारी काही द्रव्ये असतात. ती कोणती, शिजवल्याने ती कितपत जातात, हे प्रश्न त्यांच्या प्रयोगशाळेत शिकणाऱ्यांनीच सोडवले. नीरेवरील कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला, आणि यथावकाश त्या संस्थेच्या संचालकही झाल्या. तेथल्या विद्यार्थ्याला पुस्तकातील आकृती उतरायची नव्हती. ज्याचे उत्तर बाईंनाही ठाऊक नाही असा प्रश्न त्याच्या हातात होता. विद्यापीठीय संशोधनसंस्था या शब्दाचा अर्थ मी एवढाच समजतो.

आता पुन्हा मराठवाड्याकडे वळतो. अण्णांच्या वडिलांच्या पिढीतील मुलाला उच्च शिक्षण घ्यायचे तर त्याने हैदराबादेस जावे. तेथे सातव्या निजामाने १९१८ साली स्थापिलेले उस्मानिया विद्यापीठ होते, ज्याचे नाव आणि धाराशिव जिल्ह्याचे जुने नाव (उस्मानाबाद) एकाच पुरुषावरून पडले. त्या विद्यापीठाने एक असे धाडस केले की ज्याचे श्रेय देताना आपण मराठी माणसे अजूनही अडखळतो : विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी, सारे एका देशी भाषेतून शिकवायचे ठरवले आणि त्यासाठी भाषांतराचा मोठा महकमा उघडला. भाषा उर्दू. पेशीला ‘खलिया’ म्हणत शिकलेला मराठी मुलगा घरी येऊन आईला ते कोणत्या शब्दांत सांगत असेल, याची कल्पना करावी. त्याच विद्यापीठातून १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून मुले काढली गेली आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना आसरा दिला, हाही इतिहास आहे. १९४८ नंतर उर्दूची जागा इंग्रजीने घेतली, १९५६ नंतर मराठवाडा हैदराबादपासून तुटला, १९५८ च्या ऑगस्टात औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झाले आणि १९९४ च्या जानेवारीत त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव लाभले. त्याच वर्षी नांदेडला दुसरे विद्यापीठ होऊन लातूर, परभणी, नांदेड तिकडे गेले; धाराशिव मात्र मूळ विद्यापीठाकडेच राहिले. सोनारीहून विद्यापीठाच्या मुख्य आवारापर्यंत जायचे तर मध्ये अख्खा बीड जिल्हा पडतो. एका मार्कलिस्टेसाठी तेवढी खेप केलेली माणसे मला ठाऊक आहेत.

म्हणून या शतकाच्या पहिल्या दशकात विद्यापीठाने धाराशिव शहराजवळ आपला उपपरिसर उघडला आणि त्यात जैवतंत्रज्ञान व सूक्ष्मजीवशास्त्र यांचे पदव्युत्तर विभाग ठेवले, ही माझ्या दृष्टीने या जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासातील एक ठळक घटना आहे. त्याची चर्चा त्या मानाने झाली नाही. आपल्याकडे धरणाचे नारळ फुटतात तेव्हा मांडव पडतो; प्रयोगशाळेत पहिला मायक्रोपिपेट येतो तेव्हा कोणी फेटा बांधीत नाही.

मांडव पडला तो निराळ्याच निमित्ताने. २०२० साली करोनाची साथ आली. या विषाणूचे दप्तर आरएनएचे, जेमतेम तीस हजार अक्षरांचे; म्हणजे कांद्याच्या मानाने हा चिठोराच. पण त्याची तपासणी करायची तर नेहमीच्या रिवाजाच्या उलट जावे लागते : नकलेच्या जातीच्या कागदावरून अस्सलाच्या जातीचा कागद करायचा. ही उलटी नक्कल करणारे विकर (एन्झाइम) टेमिन आणि बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये शोधले, तोपर्यंत अशी गोष्ट होत असेल यावर फार थोड्यांचा विश्वास होता. एकदा डीएनए मिळाला की मग पीसीआरचे यंत्र त्याच्या प्रती काढते. तापवायचे, निववायचे, पुन्हा तापवायचे. प्रत्येक फेरीला प्रती दुप्पट. तीस फेऱ्यांत एकीच्या एकशे सात कोटी होतात, आणि हे काम करणारे विकर कढत झऱ्यांत राहणाऱ्या एका जंतूकडून घेतलेले असल्यामुळे त्या तापातही तगते. साथीच्या आरंभी या जिल्ह्यातील घशाचे नमुने तपासणीसाठी बाहेर धाडावे लागत, आणि अहवालाची वाट पाहत घरेच्या घरे कोंडून राहत. त्याच वर्षी तपासणीची प्रयोगशाळा धाराशिवच्या विद्यापीठ उपपरिसरात उभी राहिली. जे यंत्र तोवर क्रमिक पुस्तकातील एक आकृती होते त्याच्याकडे सारा जिल्हा डोळे लावून बसला. ‘आरटीपीसीआर’ हा शब्द त्या वर्षी सोनारीच्या पारावर चैत्र-वैशाखाइतक्या सहजतेने बोलला गेला. त्यातील ‘आरटी’ म्हणजे उलटी नक्कल, हे मात्र कोणाला कोणी सांगितले नाही.

साथ ओसरल्यावर यंत्र उरते, आणि प्रश्न उरतो की आता ते कशाला लावायचे. येथे मला एका मेंढीची कथा सांगितली पाहिजे. ती धाराशिवची नाही, फलटणची आहे, पण हा जिल्हा तिच्यातून पुष्कळ घेऊ शकेल.

दख्खनी मेंढी बहुधा एका वेताला एकच कोकरू देते. सुंदरबनात गरोळ नावाची लहानखुरी मेंढी आहे, ती दोन-दोन, तीन-तीन देते. फलटणला बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये स्थापिलेल्या कृषी संशोधन संस्थेत त्यांच्या कन्या चंदा निंबकर यांनी गरोळचा हा गुण दख्खनी मेंढीत आणण्याचे काम हाती घेतले. (चंदाबाईंच्या मातोश्री जाई निंबकर या लेखिका, आणि आजी मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे; एका घराण्याने माणसांची कुळे तपासली आणि मग मेंढ्यांची, असे विनोदाने म्हणता येईल, पण दोन्ही कामांत शिस्त तीच लागते.) नुसत्या संकराने गुण येतो तसा अवगुणही येतो, कोकरे दोन झाली पण मेंढी खुजी निघाली तर धनगराला काय उपयोग? २००१ मध्ये परदेशांतील तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवून दिले की ऑस्ट्रेलियातील बूरूला मेंढीची बहुप्रसवता एका जनुकातील एकाच अक्षराच्या खाडाखोडीमुळे आहे. ७४६ व्या ठिकाणी एक अक्षर बदलल्याने प्रथिनात ग्लुटामीन या अॅमिनो आम्लाऐवजी आर्जिनीन बसते, आणि त्या एका बदलाने अंडाशयाचा हिशेब फिरतो. पुढच्याच वर्षी तोच बदल बंगालच्या गरोळमध्येही सापडला. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालहून काही मेंढ्या जहाजातून ऑस्ट्रेलियास गेल्या होत्या; त्या मेंढ्यांचा वारसा दोनशे वर्षांनी असा उजेडात आला.

मग पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रक्ताचा नमुना धाडायचा, पीसीआरने जनुकाचा तेवढा तुकडा वाढवायचा, त्यावर एक विशिष्ट विकर सोडायचे. ते विकर एका पाठाला कापते, दुसऱ्याला कापत नाही. आणि जेलच्या पट्टीवर कोणता तुकडा किती सरकला त्यावरून कोकराच्या दप्तरात ती खाडाखोड आहे की नाही हे त्याच्या तरुणपणाआधीच कळते. दख्खनी अंगलोटाची, पण पुष्कळदा जुळी देणारी ही मेंढी ‘नारी सुवर्णा’ या नावाने धनगरांच्या कळपांत गेली. एका अक्षराच्या ज्ञानाचे मोल धनगराच्या वाड्यावर मोजता येते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला महाराष्ट्रात दिसत नाही.

हे सांगण्याचे कारण, उस्मानाबादी शेळी. बहुधा काळी, काटक, दुष्काळात पाल्यावर निभावणारी आणि जुळी देण्याविषयी ख्याती असलेली ही जात साऱ्या देशात या जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाते. आता जिल्ह्याचे नाव बदलले, शेळीचे बदललेले नाही, आणि तिच्या मूळ टापूतील लातूर-उदगीर १९८२ मध्ये नव्या जिल्ह्यात गेले तरी तिने तिकडेही हेच नाव चालवले. मेंढीइतके सरळ उत्तर शेळीत मिळेल असे समजू नये. तेथे एका अक्षरावर गोष्ट भागेल असे दिसत नाही. पण म्हणूनच तो प्रश्न विद्यापीठाच्या लायकीचा आहे. परांड्याच्या आठवडी बाजारात उभे राहून शंभर शेळ्यांचे नमुने गोळा करणे, वेतांची नोंद मालकिणीच्या तोंडून घेणे (ती पुरुषांना ठाऊक नसते), आणि दोहोंचा मेळ घालणे, हे काम कुलाब्याहून होणार नाही. तीच गोष्ट शाळूची. मालदांडी ज्वारी आमच्या काळ्या जमिनीत एकदा पेरली की पुढे पाऊस नसतानाही जमिनीतल्या ओलीवर कशी तग धरते, हे समजून घ्यायला सोलापूर-धाराशिवच्या रानासारखी दुसरी प्रयोगशाळा नाही, आणि ज्वारीच्या संपूर्ण दप्तराचा पाठ तर २००९ सालीच प्रसिद्ध झाला आहे.

माकडांचाही उल्लेख करायला हवा. नाहीतर सोनारीकर रागावतील. याच जिल्ह्यातील उपळा गावच्या महसुली दप्तरात बत्तीस एकर जमीन गावातील माकडांच्या नावे नोंदलेली असल्याचे २०२२ मध्ये वर्तमानपत्रांत आले होते. अण्णांना ती बातमी अर्थातच ठाऊक होती आणि नोंदीच्या कायदेशीरपणाबद्दल त्यांना गंभीर शंका होत्या. ऱ्हीसस जातीच्या माकडाचे दप्तर २००७ मध्ये वाचून झाले तेव्हा ते माणसाच्या दप्तराशी सुमारे त्र्याण्णव टक्के जुळले, हे मी त्यांना सांगितले. “मग वारसनोंदीला हरकत कोन घेनार?” ते म्हणाले.

विद्यापीठात संशोधन आणण्याचे प्रयत्न अलीकडे झालेही. पुण्यात पुणे विद्यापीठाची जैवमाहितीशास्त्र व जैवतंत्रज्ञान संस्था २००२ मध्ये निघाली, बारावीनंतर सलग पाच वर्षे एकाच छताखाली शिकवणारी. २००६ मध्ये त्याच शहरात आयसर ही विज्ञानसंस्था निघाली, तिचा तर हेतूच संशोधन आणि अध्यापन यांची फारकत मोडण्याचा. पुढच्या वर्षी मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारात अणुऊर्जा खात्याच्या साह्याने मूलभूत विज्ञानांचे केंद्र निघाले. म्हणजे जी चूक १९५० च्या सुमारास झाली ती चूक होती हे सरकारने, उशिरा का होईना, कबूल केले. परंतु कबुली पुण्या-मुंबईत देऊन भागत नाही. राज्यातील विद्यापीठांत अध्यापकांच्या मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात, तासिका तत्त्वावर नेमलेल्या तरुण डॉक्टरांकडून वर्ग उरकून घेतले जातात, आणि ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही त्याच्याकडून पाच वर्षांच्या संशोधनाची अपेक्षा केली जाते. उणे ऐंशी अंशांवर जपायचा नमुना भारनियमनाच्या गावी जपायचा असतो, विकराची इवलीशी कुपी बर्फाच्या पेटीतून शेकडो कोसांवरून मागवायची असते, आणि ती आली त्या दिवशी नेमकी सुटी निघते. या अडचणी लहान आहेत. म्हणूनच त्यांची दाद कोणाकडे लागत नाही.

निघायच्या आदल्या रात्री मी पाहिले, त्या पेल्यातले धागे मुलीने औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत स्पिरिटमध्ये घालून फ्रीजमध्ये ठेवले होते, दह्याच्या गंजाशेजारी. बाटलीवर कागदाची चिठ्ठी होती आणि तीवर तलाठ्याच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : ‘अस्सल. बाहेर नेऊ नये.’

विद्यापीठाच्या कारभाऱ्यांपाशी माझी एकच अर्जी आहे. धाराशिवच्या आवारातील ती प्रयोगशाळा वर्षातून निदान आठवडाभर परांडा, भूम, वाशी, कळंब येथल्या शाळांतील मुलांसाठी उघडी ठेवावी, किल्लीवाल्यांनी त्या आठवड्यात रजा घेऊ नये, आणि मुलांच्या हातात जर्नल न देता पेला द्यावा. कांदे मुले घरून आणतील.